वरची मूठ

कडूबाईच्या शेताच्या बांधाला, चिंचेच्या पलीकडं एक जागा आहे. तिथलं गवत आजूबाजूच्या गवतापेक्षा जरा जास्तच हिरवं. नवं माणूस आलं की विचारतं, "इथं काय शेणखत टाकलं का?" कडूबाई म्हणते, "खत न्हाय, खवा हाय." माणूस हसतं. ती हसत नाही. तिथं खरंच गेल्या वर्षीच्या नवरात्रातला चाळीस किलो खवा पुरलेला आहे, आणि तो तिनं स्वतःच्या हातानं पुरला आहे.

नाव कडूबाई आणि धंदा खव्याचा. यावर करायचे तेवढे विनोद गावानं तिच्या लग्नाच्या वर्षीच करून टाकले, त्यामुळं आता त्यात कुणाला गंमत वाटत नाही. आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईबापानं असं नाव ठेवलं, की हिच्यावर नजर पडू नये. पडली नाही. त्रेसष्ट वर्षं झाली, बाई ठणठणीत आहे. भूमपासून दोन कोसांवरच्या वाडीत, घराच्या मागं पत्र्याच्या शेडात तिची भट्टी. तीन चुली, तीन कढया. वाडीतली आणि पलीकडच्या वस्तीवरची मिळून वीस घरं तिला दूध घालतात. पाच लिटर दूध आटलं की किलोभर खवा होतो. सकाळी दूध येतं, दुपारपर्यंत खवा होतो, आणि बाराच्या सुमाराला बलभीम आपल्या पिकअपमध्ये तो भरून तुळजापूरला योगीराजच्या पेढ्याच्या दुकानात पोचवतो.

नवरा होता तोवर बाहेरचं सगळं तोच बघायचा. बारा वर्षांपूर्वी तो गेला आणि हिशोबाचं, निरोपाचं, भांडणाचं सगळं कडूबाईकडं आलं. शाळा दुसरीपर्यंत. आकडे येतात, अक्षरं लागत नाहीत. पण कढईकडं पाठ करून बसली तरी नुसत्या आवाजावरून सांगते, आता जाळ कमी करा, बुडाला धरतंय. एवढं सगळं येणाऱ्या बाईला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. पिकअपचा फाळका लावला की पुढं खव्याचं काय होतं, ते तिनं जन्मात पाहिलेलं नव्हतं.

आता मुठीचं सांगायला हवं, नाहीतर खड्डा का खणावा लागला ते कळायचं नाही.

या भागात उघडं माप कुणी देत नाही. शेर भरून जोंधळा घातला की वर एक मूठ टाकायची, तेव्हा तो शेर पुरा झाला. मूठ न टाकता दिलं तर ते कोरडं माप, त्याला बरकत नाही. ही रीत धान्यापुरती राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण ती लोकांच्या जिभेवर येऊन बसली. नुसता आकडा कुणी कुणाला सांगेना. दहा पाहुणे येणार असले तर बाराचा स्वयंपाक सांगायचा, आणि सांगितलेल्या बाईनं पंधराच्या भाकरी थापायच्या. भाकरी उरल्या तर म्हशी खातात. खवा उरला तर काय करायचं, याचा विचार कुणी केला नव्हता.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी योगीराजनं मनात धरलं, पहिल्या माळेला साठ किलो खवा पुरेल. बलभीमला सांगितलं सत्तर. बलभीमनं वाटेत विचार केला, गर्दीचे दिवस आहेत, कमी पडायला नको, आणि कडूबाईला सांगितलं ऐंशी. कडूबाईनं घरोघर निरोप धाडला, शंभर किलोचं दूध लागंल. म्हणजे पाचशे लिटर. मग वीस घरांनी आपापली मूठ टाकली. कुणी डेअरीचं दूध बंद केलं, कुणी मेहुण्याच्या घरनं कॅन आणला, कुणी वासराच्या वाटचं पिळून घेतलं. सकाळी मोजलं तर सहाशे लिटर भरलं. साठ किलोची गरज आणि एकशे वीस किलोचं दूध. यात कुणी खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकानं एक मूठ तेवढी टाकली होती, तीही चांगल्या मनानं.

ऐंशी किलो गेला. चाळीस तिच्याकडं राहिला. तिकडं योगीराजकडंही वीस शिल्लक, म्हणून दुसऱ्या माळेला त्यानं सांगितलं, आज निम्माच द्या, आणि तोही आजचा, शिळा नको. बलभीमनं आदल्या दिवशी बोलणी खाल्ली होती, त्यानं निम्म्यातनं आणखी काढून सांगितलं. कडूबाईनं घाबरून एकच चूल पेटती ठेवली. आणि तिसऱ्या माळेला कर्नाटकातनं गाड्याच्या गाड्या भरून लोक आले, तेव्हा दुपारी दोनला दुकानातल्या पराती रिकाम्या. पेढा न घेता माणसं पुढच्या दुकानात गेली. त्या वेळी इकडं चाळीस किलो खव्याला आंबूस वास सुटला होता.

ती खड्ड्यात माती लोटत होती तेव्हा वस्तीवरचा गोरोबा येऊन उभा राहिला. बावीस लिटरचं घर, शब्दाला वजन असलेला माणूस. वस्तीवरची नऊ घरं त्याच्या तोंडाकडं बघून चालतात.

"वैनी, ह्यात माझ्या म्हशीचं हाय का?"

"सगळ्यांच्याच म्हशींचं हाय, भावजी."

"वासराला हाकलून पिळलं व्हतं म्या ते." त्यानं पायानं एक ढेकूळ खड्ड्यात लोटलं. "दाम दिलात, त्याबद्दल बोलणं न्हाय. पर दूध मातीत घातलेलं म्या बापजन्मात बघितलं न्हाय. यंदाचं झालं ते झालं. पुढल्या नवरात्रात असा खड्डा दिसला, तर माझा कॅन डेअरीच्या गाडीत."

तो गेला तर वस्ती जाणार, हे त्यानं सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. उरलेल्या अकरा घरांच्या दुधावर तीन चुली पेटत नाहीत. एक पेटली असती, तीही सणापुरती.

कडूबाई महिनाभर बलभीमला शिव्या देत होती. बलभीम योगीराजशेठला देत होता. शेठ गर्दीला. गर्दीला काही ऐकू जात नव्हतं. शेवटी सून शिवकन्या वैतागली. बारावी झालेली, तोंडानं फटकळ, पण उलथणं हातात घेतलं की सासूच्या तोडीस तोड.

"आत्या, त्यापरीस शेठला सरळ फोन लावते. खरं किती लागतं ते इचारते."

"सांगतोय व्हय तो खरं! आपुन तरी सांगतो का?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच ते लागलं. त्या दिवशी तिचा एक घाणा बुडाला धरला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मग या वर्षी भादव्यात, एका मंगळवारी, बलभीमनं खव्याच्या पाट्या चढवल्या आणि बघतो तर मामी पुढच्या सीटवर बसलेली. चुलत-मामी लागते ती त्याची.

"कुठं निघालाव?"

"तुळजापूरला."

"दर्शनाला व्हय?"

"खव्याला सोबत करायला. तू चालव."

तेरखेड्याजवळ बलभीमनं न सांगता बिडी विझवली. तिथं रस्त्याच्या आतल्या बाजूला फटाक्याचे कारखाने, ठिणगीला बंदी. कडूबाई शेडांकडं बघत म्हणाली, "ह्यांचं बरं हाय की. उन्हाळ्यात केलेला फटाका दिवाळीला वाजतो. जास्ती झाला तर पुढल्या साली. माझा आजचा खवा परवा तोंड फिरवतो."

"मग जास्ती करायचाच न्हाय," बलभीम म्हणाला.

"आन् तू जास्ती सांगायचं न्हाय."

बलभीमनं येडशीपर्यंत गाडी जरा जोरातच हाणली.

योगीराजचं दुकान तुळजापुरात, देवळाकडं जाणाऱ्या उताराच्या रस्त्याला. तो पस्तिशीचा, बोलण्यात मऊ, आणि दिवसातनं शंभर वेळा "या माऊली" म्हणायची सवय लागलेला. कडूबाईला बघून आधी तो घाबरला, त्याला वाटलं भांडायला आली. ती म्हणाली, "मला एक स्टूल द्या आन् विसरून जावा."

तिनं पदराच्या एका टोकाला जोंधळ्याचे दाणे बांधून आणले होते. आत खवा भाजून साखर घालून पेढे वळायचे, परातीत रचून पुढं आणून ठेवायचे. एका परातीला चार किलो खवा लागतो आणि सकाळपासनं किती पराती संपल्या, एवढं तिनं आचाऱ्याला विचारून घेतलं आणि तेवढे दाणे आधीच बाजूला काढले. परात संपली की ती एक दाणा पदराच्या दुसऱ्या टोकाला टाकायची. दुपार कलली. ऊन उतरलं. बायकांची, पोराबाळांची, नवस फेडायला आलेल्या माणसांची रीघ लागली, ओसरली, परत लागली. आजवर खवा म्हणजे तिला कढई वाटायची. इथं एक म्हातारा दोन पेढे कागदात बांधून घेऊन टोपीखाली ठेवताना दिसला, तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं, आपण इतकी वर्षं याच्यासाठी धूर खातोय. आणि त्याला आपण कधी विचारलंच नाही, बाबा, तुला किती पाहिजे.

काट्यावरचा माणूस माप झाल्यावर प्रत्येकाच्या पुड्यात वर एक पेढा टाकत होता. तेही तिनं बघून ठेवलं.

दिवे लागायच्या वेळेला तिनं दाणे हातावर घेतले. अकरा.

"शेठ, आज मंगळवार. माझ्याकडनं साठ किलो मागवला. खपला चव्वेचाळीस."

योगीराजनं दाणे स्वतः मोजले. "मावशी, साठ सांगितल्याशिवाय चव्वेचाळीस येत नाही."

"आन् चव्वेचाळीस सांगितलं तर?"

"तर पस्तीस येईल."

"आलंय का एकदा तरी?"

त्यानं खूप आठवून पाहिलं. "नाही. पण कधी सांगितलंही नाही."

"उरलेला फ्रिजात घालता. मग बुधवारी म्हणता, आज कमी पाठवा. मी भट्टीवर बसून म्हणते, शेठचं डोकं फिरलं."

"आणि मी इथं म्हणतो, भट्टीवाल्या मावशीचं काही खरं नाही," योगीराज म्हणाला, आणि दोघांनाही हसू आलं. बलभीम तेवढा हसला नाही. त्याला पुढचं दिसत होतं.

ठरलं ते असं. रोज संध्याकाळी योगीराजनं संपलेल्या पराती मोजायच्या आणि उद्याचा आकडा स्वतः शिवकन्येला फोनवर सांगायचा. आकडा उघडा सांगायचा, मुठीशिवाय.

"मग माझं काम काय राहिलं?" बलभीम.

"गाडी चालवायचं."

"एवढंच?"

"एवढंच धड करणारा माणूस मिळतोय कुठं? खवा उन्हात न ठेवता तीन तासांत पोचव, लई झालं."

पण नुसत्या उघड्या आकड्याचीही कडूबाईला धास्ती होती. माणूस चुकतं, म्हैस आटते, गाडी पंक्चर होते. मूठ हवीच. ती कुठं ठेवायची, हा तिनं परतीच्या वाटेवर आणि पुढं चार दिवस केलेला विचार. सगळ्यांनी टाकली की तिचा ढीग होतो. मग एकानंच टाकावी. आणि ती खव्यात ठेवू नये. खव्याचं परत दूध होत नाही. दुधाचं मात्र दही होतं, लोणी होतं, तूप होतं. घरच्या दोन म्हशींचं पंचवीस लिटर दूध तिनं बाजूला काढायचं ठरवलं. सकाळी नऊपर्यंत थांबायचं. दुकानातनं निरोप आला तर कढईत, नाही आला तर दही लावायचं. ही सगळ्यांची मिळून एक मूठ.

नवरात्राच्या आदल्या दिवशी वीस घरांना निरोप गेला. साठ किलो, तीनशे लिटर, प्रत्येकाचा वाटा अमुक. बायकांनी तोंडं वाकडी केली. सणाच्या तोंडावर उघडं माप? एकीनं तर विचारलं, "कडूबाईला बरं न्हाय का?"

पहिल्या माळेला गोरोबा स्वतः कॅन घेऊन आला. कडूबाईनं मोजलं. बावीस झालं आणि कॅनात अजून दूध होतं.

"सव्वीस हाय," गोरोबा म्हणाला. "सणाचं."

"बावीस सांगितलं व्हतं, भावजी." तिनं चार लिटर तसंच कॅनात ठेवून झाकण लावलं आणि कॅन त्याच्याकडं सरकवला.

भट्टीवरच्या बायांचे हात थांबले. दूध माघारी धाडायचं म्हणजे दारातल्या पाहुण्याला उभ्यानं परत पाठवल्यासारखं. गोरोबानं कॅन उचलला, पागोट्याला हात लावून बघितला, ते नीटच होतं, आणि निघून गेला.

"आत्या, चार लिटरनं काय झालं असतं?" शिवकन्या म्हणाली.

"ह्याचं चार घेतलं की पलीकडच्याचं तीन. मग परत कुदळ आण."

म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या माळेला गोरोबाचा कॅन आला नाही. वस्तीवरची बाकीची आठ घरं आली, कॅन ओतले आणि न टेकता गेली. बावीस लिटर कमी. घरच्या म्हशींचं पंचवीस होतं, त्यातलं बावीस कढईत गेलं आणि साठ किलो वेळेवर निघाला. मूठ कामाला आली. तिसऱ्या माळेलाही तेच झालं. बावीस परत घरच्यातनं गेलं. आणि त्या दिवशी सकाळी नऊला योगीराजचा फोन आला. दुकानाबाहेर आत्ताच उभं राहायला जागा नाही, संध्याकाळच्या आरतीच्या आधी दहा किलो जास्तीचा पोचायला हवा.

शिवकन्येच्या हातातला फोन कडूबाईनं घेतला. "मुठीसकट का मुठीशिवाय?"

"मुठीशिवाय, मावशी. आईची शपथ."

तुळजापुरात बसून आईची शपथ घेणारा माणूस दहा म्हणतो तेव्हा दहाच. दहा किलो म्हणजे पन्नास लिटर. बाजूच्या भांड्यात तीन लिटर उरलं होतं. गेल्या वर्षीसारख्या पराती रिकाम्या पडल्या तर योगीराज पुन्हा साठाचे सत्तर करणार, आणि त्याला कुणी बोल लावू शकणार नाही.

कडूबाईनं पायात चपला घातल्या. "कुठं?" शिवकन्येनं विचारलं.

"जिथनं दूध माघारी धाडलं तिथं."

वस्तीवर गोरोबाच्या दारात हौदातल्या पाण्यात कॅन उभे होते. डेअरीची गाडी दहाला यायची. सगळ्या घरांचं उरलेलं दूध तिथंच ठेवायची रीत. गोरोबा बाजेवर बसला होता. त्यानं तिला बघितलं आणि बाजेच्या दोरीकडं बघायला लागला.

"भावजी, पन्नास लिटर कमी पडतंय. घरच्यातलं तीन सोडून सगळं तुमच्याच जागी गेलं."

"परवा चार लिटर जड झालं व्हतं."

"व्हय."

"आज पन्नास हलकं झालं?"

"व्हय."

ती आणखी काही बोलेल म्हणून त्यानं वाट पाहिली. ती दारात उभी होती, उन्हातनं आलेली, दम लागलेला, पदर खोचलेला तसाच.

"येवढं अडलंय तर पन्नास कशाला? साठ-सत्तर घिऊन जावा. सणाचं हाय."

"घरात तीन हाय, म्हंजी सत्तेचाळीस. सत्तेचाळीसच पायजे."

गोरोबानं मान वर केली. अडलेलं माणूस वाढवून मागतं, हे त्यानं आयुष्यभर पाहिलं होतं, तोही तसाच मागायचा. ही बाई त्याच्या दारात उभी राहून मागणं कमी करत होती. त्यानं पागोटं नीट केलं. मग बाजेवरनं उठला, हौदाकडं गेला आणि घरात बघून सुनेला ओरडला, "कमल! मापं आण. आन् नीट मोज. वैनीला थेंब जास्ती झाला तर परत धाडतील."

सत्तेचाळीस लिटर दोन मोटारसायकलींवर भट्टीवर आलं. तिन्ही चुली पुन्हा पेटल्या. कडूबाई, शिवकन्या आणि दोघी बाया उलथणं फिरवत राहिल्या. बाराची गाडी दोनला निघाली. बलभीमनं त्या दिवशी वाटेत चहाही घेतला नाही, असं तो सांगतो. खरं असावं, कारण सहा वाजता योगीराजचा फोन आला. परातीत पेढे होते.

पुढच्या माळांना आकडा रोज वेगळा आला. बावन्न, अठ्ठेचाळीस, एकदा अडुसष्ट. कधी दही लावलं, कधी नाही. गोरोबाचा कॅन चौथ्या माळेपासून परत आला.  चिंचेच्या पलीकडं कुदळ लागली नाही.

दसऱ्याच्या सकाळी तो कॅन घेऊन आला. तिनं मोजलं, नेमकं बावीस. कॅन रिकामा झाला तरी तो उभाच. मग त्यानं पिशवीतनं फिरकीच्या झाकणाचा एक पितळी तांब्या काढला. काठोकाठ दूध.

"ही मूठ हाय," तो म्हणाला. "ही मोजायची न्हाय."

कडूबाईचा हात सवयीनं नको म्हणायला उठला होता. तो तिनं खाली घेतला. "शिवकन्ये," ती म्हणाली, "दह्याचं भांडं आण गं."

तांब्या रिकामा करून गोरोबानं उपरण्यानं पुसला. "उद्या किती?"

"अठरा."

"अठरा?"

"नवरात्र संपलं, भावजी."

"म्हंजी अठराच," गोरोबा म्हणाला, आणि तांब्या पिशवीत घालून वस्तीच्या वाटेला लागला.